विश्वकवींची पंगत

मेल्याला पाचशे वर्षं झाल्याशिवाय सर कोणत्याही कवीला नमस्कार करत नसत. हे मी गमतीनं म्हणत नाही. एकदा स्टाफरूममध्ये कोणीतरी परभणीच्या एका जिवंत कवीचा संग्रह आणून त्यांच्या हातात ठेवला. सरांनी तो उलटून मागून पाहिला, पुन्हा पुढून पाहिला आणि परत देत म्हणाले, "अजून वाफ निघायलीय ह्याच्यातून. मुरू द्या." लोणचं आणि कविता यांच्याबद्दल त्यांचं मत एकच होतं. फरक इतकाच, की लोणच्याला ते थोडी सवलत देत.

मी सोनपेठच्या त्या कॉलेजात भूगोल शिकवायला लागले तेव्हा सर मराठीचे विभागप्रमुख होते. विभागात ते एकटेच असल्यामुळे प्रमुख होणं अवघड गेलं नसावं. उंच, किडकिडीत माणूस, बारा महिने काळा कोट, आणि कोटाच्या खिशात दोन रुमाल. एक घामाचा, दुसरा अश्रूंचा. सोनपेठच्या उन्हाळ्यात पहिला रुमाल सकाळीच भिजून जायचा, पण दुसऱ्याला त्यांनी कधी घाम लागू दिला नाही. मध्ययुगीन कवी शिकवताना कुठं रडायचं हे त्यांचं ठरलेलं असायचं. वर्गातली जुनी मुलं नव्यांना आधीच सांगून ठेवत, "आता इराणी संपला की अरबी बाई येती, तिचा भाऊ मरतो, मग सर रुमाल काढतेत." आणि सर काढत. डावा डोळा आधी, मग उजवा, मग चष्मा पुसून पुढचा कवी.

पुढचा कवी कुठलाही असू शकत असे. अभ्यासक्रमात आपले संतकवी होते, तेवढ्यावर सरांचं भागत नसे. निजामाच्या अमदानीत ते चौथीपर्यंत उर्दू शाळेत शिकले होते, म्हणून फारसी येते असं सांगत. हैदराबादला रद्दीच्या दुकानात त्यांना इंग्रजीतली जाडजूड काव्यसंकलनं मिळाली होती, ती पत्र्याच्या ट्रंकेत भरून आणली होती, म्हणून अरबी, जपानी, फ्रेंच आणि चिनीही येते असं सांगत. सगळ्या कवींना ते ओवीत आणायचे. बाराव्या शतकातला फ्रेंच दरबारी असो की जपानी जोगीण, सरांच्या हाताखालून गेलं की सगळं एकाच गिरणीतून दळून आल्यासारखं निघायचं. इराणी कवीची दारू तर कॉलेजच्या वार्षिकात छापताना मोठीच अडचण झाली, कारण संस्थेचे अध्यक्ष माळकरी. सरांनी रात्रभर विचार केला म्हणे आणि दारूचं ताक केलं. त्या अंकात तो बिचारा इराणी नदीकाठी, गुलाबाच्या ताटव्यात, प्रेयसीशेजारी ताकाचा लोटा घेऊन बसला आहे आणि आयुष्य क्षणभंगुर आहे म्हणतो आहे. ताक पिऊन माणसाला असं का वाटावं, हे मी सरांना विचारलं होतं. "बाई, तुमचा भूगोल," असं म्हणून त्यांनी मला हातानं उडवून लावलं.

कवींचा यात काही दोष नव्हता, हे मला मान्य करायलाच हवं. कधी कधी त्या सगळ्या दळणातूनही एखादी ओळ अशी यायची की मागच्या बाकावरची पोरं बोलायची थांबत. भावाच्या मरणावर रडणारी ती अरबी बाई मला खरंच आवडायची. तिचं दुःख हजार वर्षं चालत आमच्या पत्र्याच्या वर्गापर्यंत आलं होतं. पण तिथं तिला भेटत कोण, तर सर आणि त्यांचा रुमाल.

ते दिवस नामांतराचे होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं की नाही, यावरून सगळा मराठवाडा दोन्ही बाजूंनी पेटला होता. पहिल्या दंगलीच्या वेळी मी शाळेत होते. बोरीकडच्या एका खेड्यात माझ्या मावशीचं घर जाळलं. ती नेसत्या लुगड्यानिशी आमच्याकडे येलदरीला आली आणि वडिलांच्या क्वार्टरमध्ये पुढं कितीतरी महिने राहिली. वडील धरणावरच्या वीजघरात कामाला होते. मावशी सकाळी उठून अंगण झाडायची आणि मग झाडायला काही उरलं नाही म्हणून पुन्हा झाडायची. मी तिला त्या काळात रडताना पाहिलं नाही. म्हणूनही असेल, मला सरांच्या त्या दुसऱ्या रुमालाचा इतका राग यायचा.

नामांतरावर सरांचं मत विचारलं तर ते छताकडे पाहत. "नावाचं काय घेऊन बसलाव? पाचशे वर्षांनी कोणाला याद राहणार हाय?" हे म्हणणाऱ्या माणसानं स्वतःच्या घराचं नामांतर माझ्या देखत दोनदा केलं. मी गेले तेव्हा दारावर 'शिराज' अशी पाटी होती. कवींचं शहर म्हणून. त्यामुळे ईदेच्या दिवशी परगावचे दोन पाहुणे घर चुकून सरांच्या ओट्यावर येऊन बसले आणि काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. मग पाटी बदलून 'क्योटो' झाली. पोस्टमन त्याला कोटा म्हणायचा आणि मनीऑर्डरी राजस्थानला परत पाठवीन अशी धमकी द्यायचा. शेवटी सरांनी 'कविकुल' लावलं. कुठं म्हणून विरोध झाला नाही, मोर्चा निघाला नाही, एक काडी पेटली नाही. नाव बदलणं एवढं सोपं असतं, हे सोनपेठात फक्त सरांनाच माहीत होतं.

पण सरांची खरी कीर्ती वेगळीच होती. ते कवीची जात ओळखत.

आपल्याकडे संत म्हटला की तो कोणाचा हे आधी येतं. हा माळ्यांचा, तो कुंभारांचा, हा सोनारांचा. सरांनी हीच रीत जगाला लावली. त्यांना कुठल्याही भाषेतल्या जुन्या कवीच्या दोन-चार ओळी वाचून दाखवा, ते डोळे मिटत, मान हलवत आणि सांगत, "विणकर हाय. धागा दोनदा आला." किंवा "परीट. पाण्याबद्दल असं दुसरं कोणी बोलणार न्हाई." किंवा, एका फ्रेंच कवीबद्दल, बराच वेळ विचार करून, "हा आपल्यातला न्हाई. चोर हाय." आणि संकलनात खाली बारीक अक्षरात नेमकं तेच निघे. गॅदरिंगला हा कार्यक्रम दरवर्षी व्हायचा आणि पोरं टाळ्या वाजवून थकायची. त्या बारीक अक्षरातल्या तळटिपा सर शनिवारी संध्याकाळी ओट्यावर भिंग घेऊन वाचत बसत, हे फक्त मला आणि काकूंना ठाऊक होतं. काकूंना त्यात काही गैर वाटत नव्हतं. "पाठांतर लय चांगलं हाय ह्यांचं," एवढंच त्या म्हणायच्या.

जगभरच्या कवींच्या जाती ओळखणाऱ्या सरांची स्वतःची जात मात्र त्यांच्या एकाही व्याख्यानात आली नाही. हवा कोणत्या जातीची असं कोणी विचारतं का? तसंच ते.

आता मला हे सगळं इतकं जवळून कसं माहीत, ते सांगते. मी सरांच्या घरात भाड्यानं राहत होते. गच्चीवर एक खोली होती, बाहेरून दगडी जिना, दोन खिडक्या, संध्याकाळी गंगेकडून, म्हणजे आमच्या गोदावरीकडून, येणारा वारा. ती खोली मिळाली नसती तर माझी नोकरी राहिली नसती. पहिली घंटा सकाळी सातला व्हायची आणि परभणीहून येणारी एसटी तिच्या मनाला येईल तेव्हा पोचायची. प्राचार्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "गावात राहणार असाल तर कायम करू. न्हाईतर आमाला दुसरा माणूस बघावा लागंल." मी गावभर फिरले. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळत नसे. मग लोक गाव विचारत, मग वडिलांचं काम, आणि तेवढ्यानं भागलं नाही की सरळ, "तुमी कोण?" मराठवाड्यात या प्रश्नाचा एकच अर्थ होतो. विचारलं की मी सांगायची. लपवायचं नाही आणि न विचारता दवंडीही पिटायची नाही, असा आमच्या वडिलांचा नियम होता. सांगितलं की त्या खोलीत लगेच ज्वारी भरायची असायची, किंवा पाहुणे यायचे असायचे. सोनपेठात त्या महिन्यात जेवढे पाहुणे येणार होते तेवढे आले असते, तर गावाला पाणी पुरलं नसतं.

सरांनी विचारलं नाही. जिन्याशी उभे राहून, छातीवर हात ठेवून म्हणाले, "बाई, मी जात विचारत न्हाई. आपल्याला विचारावी लागत न्हाई." मी खोली घेतली. दुसऱ्या दिवशी ते वर डोकावले तेव्हा मी खिडकीच्या पडद्याला दुमड घालत बसले होते. येलदरीच्या कॉलनीत आम्ही सगळ्याच मुली शिवण शिकलो होतो, दुसरं करायला तिथं होतं काय? सर दारात थांबले, माझ्या सुईकडे पाहिलं, डोळे मिटले, मान हलवली. "वा!" म्हणाले. "टाका बोलतो, बाई, टाका बोलतो. शिंप्याची लेक!" आणि मी तोंड उघडायच्या आत जिना उतरून खाली काकूंना ओरडून सांगितलं, "अगं, म्हटलं नव्हतं? शिंप्याची हाय!"

आठवड्यात साऱ्या गावाला कळलं. त्यानंतर मला कोणी म्हणून 'तुमी कोण' विचारलं नाही, कारण सरांनी ओळखलेली जात म्हणजे तलाठ्याचा शिक्का. शिंप्यांत मोठे संतकवी होऊन गेले, म्हणून सरांना मी म्हणजे घरात चालून आलेलं मध्ययुगच वाटायचं. परगावचा कोणी प्राध्यापक आला की त्याला जिना चढवून वर आणत आणि दारातूनच दाखवत, "ह्यांच्या घराण्यात कविता हाय." मी तेव्हा बहुधा नकाशे तपासत असायची. एकदा त्यांनी आपला काळा कोट फाटलेल्या अस्तरासकट वर पाठवून दिला. रक्तातच आहे म्हटल्यावर मला यायलाच पाहिजे. मी तो मुद्दाम वाकडातिकडा शिवला. सरांनी तो घालून स्टाफरूमभर फिरत सांगितलं की अशी शिवण आता राहिली नाही. काकू मला चैत्रात हळदीकुंकवाला बोलवायच्या, देवघरापुढं रांगोळी काढायला लावायच्या, सणाला पुरणाचं ताट द्यायच्या. त्या बाईचा मला राग करता आला नाही. नवऱ्यानं सांगितलं ते खरं, एवढं साधं गणित होतं तिचं.

मग त्या वर्षीचं गॅदरिंग आलं. सरांनी ठरवलं की नुसतं ओळखणं पुरे झालं, आता विश्वकवींची पंगत बसवायची. सगळ्या जगातले, सगळ्या भाषांतले मध्ययुगीन कवी एका ओळीत जेवायला बसणार. इराणी, जपानी, अरबी, चिनी, कन्नड वचनं लिहिणारा मोची, आपले माळी, कुंभार, न्हावी, सगळे. विद्यार्थी वेषांतर करणार, पाटावर बसून आपापली ओवी म्हणणार, आणि खरंखुरं जेवण. वरण, भात, वांग्याची भाजी, बुंदी. स्वयंपाक आचाऱ्याचा, वाढायला काकू, आणि कपडेपट माझ्याकडे. मी शिंप्याची ना.

कल्पना वाईट नव्हती. मला तर ती आवडलीही होती, सरांनी फळ्यावर नावं लिहीपर्यंत. न्हाव्याचा मुलगा न्हावी कवी. कुंभाराचा मुलगा कुंभार कवी. गावातल्या मोठ्या जमीनदाराचा मुलगा चिनी मंत्री. सलीमचे वडील बाजारात बांगड्या विकायचे, तर सलीम इराणी. सलीम उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला फारशीत पाणी बी मागता येत न्हाई." सर म्हणाले, "चेहऱ्यात हाय तुझ्या." आणि शेवटी सुभाषचं नाव. सुभाष बीएच्या शेवटच्या वर्षाला होता. वर्गात त्याचा आवाज सगळ्यांत चांगला होता, आणि इराणी कवीच्या ओव्या त्यानं कोणी न सांगता पाठ केल्या होत्या. तो भीमनगरातला. सरांनी त्याला आपल्या त्या संतकवीची भूमिका दिली, ज्याला देवळात येऊ देत नव्हते.

"अन् तू पंगतीत बसायचं न्हाईस," सरांनी समजावून सांगितलं. आवाज आत्तापासूनच जड झाला होता. "तू दाराच्या भाहेर, व्हरांड्यात बसायचं. घोंगडी घेऊन. सगळे कवी जेवतील. तू बघायचं. मग शेवटी मी येणार, तुझा हात धरणार, अन् उंबऱ्याच्या आत आणणार."

सुभाषनं विचारलं, "अन् मी जेवायचं कधी, सर?"

"त्यातच तर सगळं कारुण्य हाय!"

"तवर भात संपला तर?"

पोरं हसली. सर हसले नाहीत. त्यांनी दुसरा रुमाल काढला, तोही तालमीत. सुभाष म्हणाला, मला इराणी द्या, सलीम तयार आहे बदलायला. सलीमनं मान हलवली. सर म्हणाले, असं कसं चालेल, प्रत्येकानं आपलंच करायचं आहे, यालाच तर सत्य म्हणतात. मी कपड्यांचं गाठोडं घेऊन मागं उभी होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल. मी सरांना बाजूला घेऊन म्हणाले होते, "ह्या मुलाला बाहेर बसवू नका. हे दिवस काय आहेत, तुम्हाला दिसत नाही का?" सर म्हणाले, "बाई, तुमी कपड्यांचं बघा."

गॅदरिंगच्या दिवशी हॉल भरून गेला होता. अध्यक्ष माळ घालून पहिल्या रांगेत, शेजारी प्राचार्य. स्टेज नव्हतंच, हॉलच्या मधोमध सतरंजी टाकून पाट मांडले होते आणि दोन्ही बाजूंनी लोक. कवी एकेक येऊन बसले. जपानी जोगीण झालेल्या मुलीला आईचं पांढरं लुगडं दोनदा पायात आलं. चिनी मंत्र्यानं बापाचं सोन्याचं घड्याळ काढलं नव्हतं. इराणी कवी हिरवं पागोटं बांधून आत आला आणि आपल्या पाटावर मांडी घालून बसला, तेव्हा कुठं सरांच्या लक्षात आलं की पागोट्याखाली सुभाष आहे. सलीम कोपऱ्यात पाण्याची घागर घेऊन उभा होता, तोंड अगदी निरागस.

सर त्याच्यापाशी गेले. हळू बोलायचा त्यांचा प्रयत्न होता, पण आयुष्यभर वर्गात ओरडलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. सगळ्या हॉलला ऐकू आलं.

"तुझी जागा भाहेर हाय."

"मी इराणी हाय, सर."

"अरं, सलीम कुठं हाय? ऊठ. भाहेर कोण बसणार मग?"

"कोणाला बी बसवा की. नाटकच हाय."

"तसं चालत न्हाई!" सरांचा तोल गेला. "त्याला खरा माणूस लागतो! दुसऱ्या कोणाला जमणार न्हाई ते. कुठून आणू मी आता खरा माणूस?"

सुभाष उठला नाही, पण त्याची मान खाली गेली. पागोट्याचा शेमला त्याच्या मांडीवर पडला होता, तो त्यानं मुठीत धरला. त्याच्याकडे पाहताना मला मावशीचं ते पुन्हा पुन्हा झाडलेलं अंगण आठवलं. मला खोलीची आठवण झाली नाही असं नाही. पहिल्यांदा तीच झाली. गच्ची, खिडक्या, सातची घंटा, प्राचार्यांचा आवाज. सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं, आणि तरी मी उभी राहिले.

"सर," मी म्हणाले, "खरा माणूस शोधायला लांब जायला नको. मी आहे. मी भीमनगरातलीच समजा, फक्त आमचं येलदरीला आहे. तुमच्या नियमानं बाहेरची जागा माझी." लोकांच्या माना वळल्या. "पण मी तिथं बसणार नाही. मी सुभाषशेजारी बसते. बाहेरची जागा राहू दे रिकामी."

आणि मी जाऊन बसले. पाट नव्हता, सतरंजीवरच बसले. सुभाषनं सरकून जागा केली, सलीमनं पुढं पत्रावळ मांडली.

सर तिथंच उभे. मी त्यांचा चेहरा पाहत होते. लोकांना वाटलं असेल की त्यांना धक्का बसला. मला मात्र स्पष्ट दिसत होतं की ते हिशोब करताहेत. आपल्या घरात कोण राहतंय, देवघरापर्यंत कोण आलं, हा हिशोब नव्हता तो. अख्ख्या गावापुढं, अध्यक्षांपुढं, त्यांनी ओळखलेली जात चुकली होती. इराणी, जपानी, अरबी बरोबर आले आणि डोक्यावरच्या गच्चीत राहणारी बाई चुकली! हे सहन करण्यापेक्षा सरांनी काहीही कबूल केलं असतं.

त्यांनी डोळे मिटले. मान हलवली. आणि हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं!"

टाळ्या पडतील अशी त्यांची अपेक्षा असावी. पडल्या नाहीत. वरणाचं पातेलं घेऊन मागं उभ्या असलेल्या काकू तेवढ्या बोलल्या, आणि अगदी खरं आश्चर्य वाटून बोलल्या.

"कळलं व्हतं? अन् मला बोलला न्हाईत? गावभर शिंप्याची म्हणून सांगत व्हता की तुमी!"

"ते... ते त्यांची लाज राखायला."

म्हणजे इतके दिवस माझी लाज सर माझ्या वतीनं राखत होते. मला तर पत्ताच नव्हता की ती गेली आहे. हॉलमध्ये कोणीतरी फिस्सकन हसलं. अध्यक्षांनी माळेवरून हात फिरवला आणि मोठ्यानं म्हणाले, "वा, सर. जाणूनबुजून आसरा दिला. हे खरं संतांचं काम." ते टोमणा मारत होते की मनापासून बोलत होते, मला आजही ठरवता आलेलं नाही. पण सरांचे परतीचे दोर त्या वाक्यानं कापले गेले. आता त्यांना माहीत नव्हतं असं म्हणायची सोय राहिली नव्हती.

काकू पातेलं घेऊन माझ्यापुढं आल्या. पळा भरला आणि थांबल्या. नवऱ्याकडे पाहून विचारलं, "वाढू?"

किती साधा प्रश्न. पण त्या हॉलमधल्या प्रत्येक माणसाला तो कळला.

"वाढ की," सर म्हणाले. "विचारायलीस काय?"

काकूंचा पळा माझ्या पत्रावळीपासून वीतभर उंच राहिला. वरण वरून पडलं आणि थोडं माझ्या साडीवर उडालं. त्या पुढं जाणार एवढ्यात सुभाषनं मान वर केली. वर्गात इराणी ओव्या म्हणताना जो आवाज लागायचा, तोच लावला.

"काकूला राहू द्या. सर, तुमीच वाढा इराणला."

सलीम कोपऱ्यातून म्हणाला, "पोटभर वाढा सर, लय लांबून आलाय." मग मात्र सगळा हॉल हसला. सरांना वाकावं लागलं. काळ्या कोटातला तो उंच माणूस पातेलं धरून घडीच्या खुर्चीसारखा दुमडला आणि सुभाषच्या पानात वरण वाढलं. सुभाषनं "आनखी" म्हटलं. आणखी वाढलं. त्या दिवशी सरांनी पहिला रुमाल काढला, दुसरा नाही. आम्ही जेवलो. भात संपला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, मी कॉलेजला निघायच्या आधी, सर जिन्याच्या खालच्या पायरीवर येऊन उभे राहिले. वर आले नाहीत. घसा खाकरला, आभाळाकडे पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, म्हटलं, पुढच्या महिन्यात वरच्या खोलीला रंग द्यावा. लय खराब झाल्यात भिंती. तर तेवढे दिवस तुमी..."

मी कुलूप लावत होते. ते लावून घेतलं, किल्ली पदराला बांधली आणि वरूनच म्हणाले, "द्या की, सर. मी आत असताना द्या. मला वासाचा त्रास होत नाही."

जो माणूस गावापुढं म्हणाला की मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे, त्याला आज अचानक काय माहीत झालं, हे सरांना सांगता येत नव्हतं. शेवटी "बघू, बघू" म्हणत आत गेले. त्या खोलीत मी पुढं कितीतरी वर्षं राहिले, कायम झाले, आणि पावसाळ्यामागून पावसाळे भिंतींना पोपडे धरत गेले. रंगारी आला नाही.